आपटा आणि कांचन

दसऱ्याला ‘सोने’ म्हणून शहरांतील बाजारात विकली जाणारी पाने अनेकदा आपट्याची नसून कांचनाची असतात. दोन्ही वृक्ष शिंबी कुळातील, बौहिनिया या एकाच प्रजातीतले मानले जात. पानाची दोन जुळी दले हे या प्रजातीचे लक्षण. त्यावरूनच बोआं या वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंचे नाव तिला मिळाले. आता काही अभ्यासक आपट्याला पिलिओस्टिग्मा या वेगळ्या प्रजातीत ठेवतात.

आपट्याचे पान लहान, जाड व चिवट असून लांबीपेक्षा रुंदीला अधिक भरते. त्याची खालची बाजू करडी, किंचित लवदार असते. विड्या वळण्यासाठीही ते वापरतात. कांचनाचे पान मोठे, पातळ व मऊ. शंका उरल्यास शेंग पाहावी : आपट्याची जाड, किंचित वाकडी, न तडकणारी, कांचनाची लांब, चपटी, वाळल्यावर तडकून बिया दूर उडवणारी. आपट्याची बारीक, पांढुरकी फुले उन्हाळ्यात येतात.

कांचनांतही भेद आहेत. बौहिनिया व्हेरिगाटा वसंतात फुलतो. त्याच्या पाकळ्या रुंद आणि पुंकेसर पाच. बौहिनिया पर्प्युरियाच्या पाकळ्या अरुंद व पुंकेसर बहुधा तीनच. हा पावसाळा सरताना फुलू लागतो. त्यामुळे दसऱ्याला ओरबाडलेल्या त्याच्या फांद्यांबरोबर त्या हंगामाच्या कळ्याही जातात. विकत घेतलेल्या जुडीत एखादी टपोरी कळी आढळली, तर ती जुडी आपट्याची नव्हे.