जनुक चालू की बंद? डीएनएची घडी घालणारी प्रथिने आणि आरएनएचा हात

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर लांब भरतो. तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. हे शक्य होते, कारण डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. डीएनए आणि प्रथिनांच्या या बांधणीला क्रोमॅटिन म्हणतात.

यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए सारखाच असतो. फरक असतो तो कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, यात. घडी कशी पडली आहे, यावर त्यातले बरेच काही ठरते.

घडी कोण घालते?

यातले एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे सीटीसीएफ. ते डीएनएवरच्या ठरावीक जागा ओळखून तिथे बसते. कोहेसिन नावाचे दुसरे प्रथिन डीएनए ओढत त्याचे वेटोळे तयार करते आणि सीटीसीएफ आडवे आले की थांबते. त्यामुळे जनुक आणि त्याला चालू करणारा दूरचा डीएनएचा तुकडा जवळ येतात. नको असलेले तुकडे लांब राहतात.

यात आरएनए कुठून आला?

आरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, असे शाळेत शिकवतात. पण अनेक आरएनएंपासून प्रथिन बनतच नाही. २०१९ मध्ये उंदरांच्या मूलपेशींवरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. सीटीसीएफचा आरएनए धरणारा भाग बदलला, तेव्हा डीएनएची अनेक वेटोळी विस्कटली. काही मात्र तशीच टिकली. म्हणजे सगळ्या घड्या एकाच पद्धतीने पडत नाहीत.

मांजराच्या अंगावर दिसणारा पुरावा

काळे आणि केशरी ठिपके असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातले एक बंद केले जाते. ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. केशरी रंग ठरवणारे जनुक एक्सवर असते. त्यामुळे कुठल्या पेशीत कोणते एक्स बंद झाले, त्यानुसार ठिपक्याचा रंग ठरतो. स्त्रियांच्या पेशींतही एक एक्स असेच बंद असते.

हे काम झिस्ट नावाचा आरएनए करतो. जे गुणसूत्र बंद करायचे, त्याच्यावरच तो तयार होतो आणि त्याच्यावरच पसरतो. स्पेन नावाचे प्रथिन झिस्टला चिकटते आणि इतर प्रथिनांना बोलावते. ती हिस्टोनवरच्या ‘जनुक चालू’ असल्याच्या रासायनिक खुणा पुसतात आणि जनुके गप्प होतात.

झिस्टच्या जनुकालाही पहारा असतो. उंदरांमध्ये तिथे सीटीसीएफ बसून त्याला अडवते. जेपीएक्स नावाचा दुसरा आरएनए सीटीसीएफला तिथून हटवतो आणि मग झिस्ट तयार होऊ लागतो, असे जीनी ली यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवले.

वाद कशावरून?

पेशी फोडून तपासताना एरवी एकमेकांना न भेटणारे रेणूही चिकटू शकतात. २०२४ मध्ये मिचेल गटमन यांच्या गटाने अधिक कडक धुलाईची पद्धत वापरली. स्पेन आणि झिस्ट यांची जोडी त्यात टिकली. सीटीसीएफ आणि पीआरसी२ यांसारखी प्रथिने मात्र जिवंत पेशीत आरएनएला थेट धरतात, असा पुरावा मिळाला नाही. इतर काही संशोधकांना हा निष्कर्ष मान्य नाही. इतकी कडक पद्धत खऱ्या जोड्याही गमावते, असे त्यांचे म्हणणे आहे.

याने फरक काय पडतो?

रेट सिंड्रोम हा मेंदूचा गंभीर आजार बहुतांशी मुलींना होतो. त्यांच्या एका एक्सवर एमईसीपी२ या जनुकात बिघाड असतो. पण ज्या पेशींत बिघडलेले जनुक चालू असते, त्याच पेशींत निरोगी जनुकही असते, फक्त बंद केलेल्या एक्सवर. ते पुन्हा चालू करता येईल का, यावर संशोधन सुरू आहे; असा उपचार अजून उपलब्ध नाही. संपूर्ण एक्स उघडले तर इतर शेकडो जनुकेही जागी होतील, हा मोठा धोका आहे. म्हणूनच कोणता आरएनए कोणत्या प्रथिनाला खरोखर धरतो, हे नेमके ठाऊक असणे गरजेचे आहे.