खिशात राहिलेले कार्ड

गोल्फमध्ये कमी फटक्यांत फेरी पुरी करणारा जिंकतो. नवख्यालाही कसलेल्याशी झुंजता यावे म्हणून फटक्यांची सूट मिळते. तिला हँडिकॅप म्हणतात. पण ही सूट कोणत्या खेळावरून ठरवायची?

अमेरिकेत मित्रांबरोबरच्या साध्या फेऱ्याही हिशेबात धरत. ब्रिटनचा भर मात्र स्पर्धांवर होता. २०२० साली जगातल्या सहा पद्धतींची एक झाली. आता शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांची, मैदानाची काठिण्यपातळी पाहून, सरासरी काढतात. त्यात साधी फेरीही चालते.

मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवणारे असतातच, ही जुनी तक्रार खरी आहे. म्हणूनच इंग्लंडमध्ये साधी फेरी सुरू करण्यापूर्वीच नोंदवावी लागते आणि सोबत्याचा दुजोराही लागतो. अमेरिकेनेही २०१६ पासून एकट्याने खेळलेली फेरी धरणे बंद केले.

एवढा बंदोबस्त असताना साध्या फेऱ्या द्याव्यात, असेच मला वाटते. वर्षाला तीन-चार स्पर्धा खेळणाऱ्याचा आकडा शिळा होतो. चांगली असो वा वाईट, फेरी नोंदवावी. खिशात राहिलेल्या कार्डाची किंमत समोरचा खेळाडू मोजतो.