सुईण, शास्त्र आणि पदवी

स्त्रीरोग व प्रसूति ह्या विषयांत परिचारिकांस पदव्युत्तर शिक्षण देण्याची कल्पना परदेशांतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. पदवीपुरता तो खरा आहे. विद्येपुरता नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सुश्रुताच्या शारीरस्थानांत, दहाव्या अध्यायीं, प्रसूतीच्या वेळीं चार स्त्रिया जवळ असाव्यात असें सांगितलें आहे. त्या वयानें पोक्त, प्रसूतिकर्मांत कुशल व नखें कापलेल्या असाव्यात. नखांची अट किरकोळ वाटेल. परंतु व्हिएन्ना येथें डॉक्टरांच्या कक्षांत सूतिकाज्वरानें सुइणींच्या कक्षापेक्षां अधिक बायका दगावत, आणि १८४७ सालीं सेमेलवाइसनें हात धुण्याचा नियम घालतांच ते मृत्यु झपाट्यानें घटले, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिचें मोल कळतें. चरकानेंहि परिचारकाच्या चार गुणांत उपचारांचें ज्ञान व शुचिता हीं दोन्ही गणिलीं आहेत.

पुढें शास्त्र पोथींत राहिलें आणि काम सुईणीच्या हातीं. समाजानें तिच्या हाताची गरज मानली, विद्येची मानली नाहीं. ही फारकत मिटविण्याचा आरंभ १८८६ सालीं दिसतो. त्या वर्षीं आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून वैद्यकीची पदवी घेतली, आणि मुंबईस स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. १९०९ मध्यें पुण्यास रमाबाई रानडे यांनीं सेवासदन स्थापिलें. त्यांतून विधवांस परिचारिकेचा मानाचा व्यवसाय खुला झाला. १९३५ मध्यें मुंबई इलाख्यांत परिचारिका व सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला.

परंतु हा कायदा इलाख्याच्या सीमेवर थांबला. परतूर तेव्हां निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होतें. १९४८ सालीं तें राज्य संपलें, व १९८१ सालीं परतूर जालना जिल्ह्यांत आलें. मराठी बोलणाऱ्या ह्या मुलखास पुण्यामुंबईच्या सुधारणेचा लाभ उशिरां मिळाला, याचें एक कारण भूगोल नसून राज्यव्यवस्था हें होय.

पदवीचा इतिहास त्याहून अलीकडचा. १९४६ मध्यें दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येची पदवी सुरू झाली. १९५९ मध्यें दिल्लीस पदव्युत्तर शिक्षण आलें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अनुभवी परिचारिकांसाठीं अठरा महिन्यांच्या विशेष प्रसूतिशिक्षणाची योजना आंखली. तिचा हेतु असा कीं, स्वाभाविक प्रसूति त्यांनीं स्वतःच्या जबाबदारीनें पार पाडावी.

अनुभव व शास्त्र एकाच व्यक्तीच्या ठायीं असावें, ही सुश्रुताची अपेक्षा येथें पुन्हां भेटते. मात्र पदवी मिळूनहि प्रसूतिगृहांतील निर्णय तिच्या हातीं आला नाहीं, तर जुनीच फारकत नव्या वेषांत टिकली, असें म्हणावें लागेल.