दफ्तर, देवडी आणि वंशावळ

हैदराबादेत चार पिढ्या काढलेल्या मराठी घरात जुनी पेटी उघडली की वर लग्नपत्रिका, मध्ये शाळेचे दाखले आणि तळाशी उर्दूतला एखादा पिवळा कागद निघतो. कागदावर झाडासारख्या रेघा, प्रत्येक फांदीला एक नाव. याला शजरा म्हणतात. मराठीत आपण वंशावळ म्हणतो. आम्ही महसुलाच्या नोकरीत असे कागद रोज पाहतो. आमचे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, त्यामुळे इतिहासकार म्हणवून घेण्याचा हक्क आम्हाला नाही. पण कोणता कागद कशासाठी तयार झाला हे कळायला पदवी लागत नाही, सवय लागते. आणि बहुतेक शजरे पूर्वजांच्या आठवणीसाठी तयार झालेले नाहीत, जमिनीसाठी झाले आहेत.

हे समजायला या शहरातले एक जुने मराठी जागीरदार घराणे घेऊ. राय रायां. ही मुळात पदवी. रायांमधला राय, म्हणजे हिंदू अंमलदारांतला अग्रणी. मोगलांकडून आलेली ही पदवी आसफजाही दरबारात एका मराठी ब्राह्मण घराण्याकडे राहिली आणि हळूहळू तेच घराण्याचे नाव झाले. शालीबंड्याला त्यांची देवडी होती. आजही जुनी माणसे पत्ता सांगताना ‘राय रायांच्या देवडीपाशी’ म्हणतात.

या घराण्याचा उदय तलवारीवर नाही, लेखणीवर झाला. दख्खनचे सहा सुभे. त्यांपैकी औरंगाबाद, वऱ्हाड, विजापूर आणि खानदेश यांचा हिशेब दफ्तर-ए-दिवानीत राहत असे, आणि ते दफ्तर राय रायांकडे. बीदर आणि हैदराबाद या दोन सुभ्यांचे दफ्तर-ए-माल एका माथूर कायस्थ घराण्याकडे होते. ‘माल’वरून त्या घराण्याला मालवाला म्हणू लागले. कोणते गाव कोणाच्या जागिरीत, त्याचे उत्पन्न किती, सनद कोणत्या साली निघाली, वारस कोण, हे सगळे या दोन दफ्तरांतच लिहिलेले. मराठवाड्याचा हिशेब गावपातळीवर मोडीत आणि वर फारसीत. दोन्ही लिप्या जाणणारा माणूस दरबाराला लागत असे, आणि देशस्थ कारकुनांना दोन्ही येत होत्या.

गंमत अशी की हे कागद सरकारी कचेरीत नव्हते, दफ्तरदाराच्या घरी होते. म्हणजे आपल्या तहसील कार्यालयाचा रेकॉर्ड रूम तहसीलदाराच्या वाड्यात, आणि तोही वंशपरंपरेने! दिवाण बदलत, निझाम बदलत, पण कोणत्या गावावर कोणाचा हक्क हे सांगायला शालीबंड्यालाच विचारावे लागे. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला मराठ्यांकडून हार झाल्यावर निझामअलीचा दिवाण अरस्तूजाह याला पुण्यात ओलीस राहावे लागले. १७९७ मध्ये तो परत येईपर्यंत हैदराबादची दिवाणी सांभाळली ती राजा शामराज राय रायां यांनी. मराठ्यांनी हरवलेल्या राज्याचा कारभार एका मराठी माणसाच्या हाती, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत कधी आले नाही. त्यांची निष्ठा कोणाशी, असा प्रश्न आज कोणी विचारेल. त्या काळी निष्ठा मिठाशी असे, भाषेशी नव्हे.

१८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले आणि ही व्यवस्था त्यांनी मोडली. दफ्तरदारांचे वंशपरंपरागत अधिकार काढून हिशेबाची सरकारी खाती उभी केली. जागिरी राहिल्या, मान राहिला, पण गावांची किल्ली देवडीतून कचेरीत गेली. नवीन चाकरी त्यातूनच निघाली, हेही खरे. विसाव्या शतकात याच घराण्यातले राजा शामराज राजवंत बहादूर निझामाच्या कार्यकारी मंडळात होते.

आता मुद्दा जागीर या शब्दाचा. जागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे, तर त्या जमिनीच्या उत्पन्नाचा हक्क. आपल्या देशमुख-देशपांड्यांचे वतन जसे बापाकडून मुलाकडे आपोआप जाई, तसे जागिरीचे नव्हते. जागीरदार वारला की हक्क कागदोपत्री सरकारजमा, मग वारसाने आपले नाते सिद्ध करायचे, नजराणा भरायचा आणि नवीन मुन्तखब घ्यायचा. दर पिढीला हा खटाटोप. म्हणून दर पिढीला शजरा. दत्तक घेतला तर सरकारची मंजुरी हवी. नाही मिळाली तर मुलगा घरात मुलगा, पण कागदावर कोणी नाही. अशा वेळी कागदावर एखादी फांदी वाढते, एखादी छाटली जाते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. निझामाच्या राज्याचे सुमारे तीस टक्के क्षेत्र जागिरींत होते, तेव्हा हा खटाटोप किती घरांत चालत असेल याचा अंदाज करावा.

असे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतात लिव्हिंग्स्टन नावाचे घराणे होते. मूळ पुरुष रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, जन्म १६५४, स्कॉटलंडच्या एका पाद्र्याचा मुलगा. बाप हद्दपार होऊन रॉटरडॅमला गेला, त्यामुळे मुलगा डच शिकला. अमेरिकेत आल्यावर ऑल्बनी गावात इंग्रजांचे राज्य आणि डच बोलणारी प्रजा. दोन्ही भाषा लिहिणारा हा तरुण १६७५ मध्ये तिथला सरकारी चिटणीस झाला. पुढे ऑल्बनीच्या बड्या स्कायलर घराण्यातल्या विधवा अलीडाशी लग्न केले, आणि १६८६ मध्ये त्याला १,६०,००० एकरांच्या जहागिरीची सनद मिळाली. दोन भाषा, एक दफ्तर आणि मग जमीन. आम्हाला हे वाचताना शालीबंडाच डोळ्यांसमोर आला. त्याचा एक नातू अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, आणि पणतू १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ देणारा.

पण एक फरक आहे. त्या घराण्याच्या वंशावळीत अलीडा ठळक आहे. नवरा सरकारी कामाला न्यूयॉर्कला असे तेव्हा जहागिरीचा व्यवहार तीच पाहत असे, आणि नवऱ्याला तिने डच भाषेत लिहिलेली पत्रे आजही जपून ठेवली आहेत. आपल्या शजऱ्यांत बायका नाहीत. ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, एवढेच. दोन बायका असतील तर कोणता मुलगा कोणाचा हे सांगायला ‘महल-ए-अव्वल’ अशी खूण येते, नाव येत नाही. विधवा आली तर वारसाच्या तंट्यात. मुलगी बहुधा घरात मुलगा नाही तेव्हाच. पेशकार महाराजा किशनप्रसाद हे राजा नरेंद्रप्रसाद यांचे मुलीकडून नातू, आणि पेशकारी त्यांच्याकडे आली ती याच वाटेने. एरवी लेकीची फांदी कोणी काढली नाही.

दुसरी गैरहजेरी कुळांची. गावाचे उत्पन्न ज्यांच्या नांगराखालून यायचे त्यांच्या सात पिढ्या कोणी लिहून ठेवल्या? न्यूयॉर्कमध्ये कुळांनी १८३९ पासून खंड देणे नाकारले, मोठा दंगा झाला, आणि १८४६ च्या तिथल्या राज्यघटनेने सरंजामी पद्धतीचे पट्टे बंद केले. आपल्याकडे पोलीस कारवाईनंतर फसली १३५८ चा जागीर निर्मूलन कायदा आला आणि १५ ऑगस्ट १९४९ पासून जागिरी सरकारात गेल्या. (फसली साल दिसले की ५९० मिळवावेत, इसवी साल बहुधा जुळते. काही महिन्यांत एकाचा फरक पडतो.) मग १९५० चा कूळकायदा, १९५५ चा इनाम निर्मूलन कायदा. १९५४-५५ ची खासरा पहाणी तेलंगणाच्या महसुलात अजून वेदासारखी मानली जाते. त्या पहाणीत कसणाऱ्याचे नाव पट्टेदाराच्या शेजारी आले. आमच्यापैकी काहींच्या आजोबांना त्या रकान्याचा रागच होता. जागीर गेली, महिन्याचे उत्पन्न गेले, देवडीचे भाग भाड्याने गेले. तो राग समजण्यासारखा आहे. पण तो रकाना न्याय्य होता, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

शेवटचा मोठा शजऱ्यांचा पूर याच काळात आला. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्याखाली इनाम, मन्सब, भरपाई यांच्या वारसांचे दावे चालले आणि प्रत्येक दाव्याला वंशावळ जोडावी लागली. म्हणून आपल्या पेट्यांतले बरेचसे शजरे त्या दशकातले आहेत. तारीख आधी पाहावी. १९५३ मध्ये वकिलाने लिहून दिलेले झाड पाहून मूळ पुरुष औरंगजेबाच्या काळातला आहे असे सांगू नये. मूळ पुरुषाचे नाव बरोबर असेलही, पण त्याला शेजारच्या कागदाचा आधार हवा.

तो आधार याच शहरात आहे. दफ्तर-ए-दिवानीचे कागद, शहाजहान आणि औरंगजेबाच्या काळच्या फारसी कागदांसह, आज तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. देवड्या मात्र राहिल्या नाहीत. चारमिनारजवळची मालवाला देवडी २००० मध्ये पाडली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस हळहळ झाली. कागद टिकला आणि लाकूड गेले. अडचण अशी की तो वाचायला मोडी आणि शिकस्ता फारसी लागते, आणि आपल्या घरांतले उर्दू वाचणारे शेवटचे लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत. मुले इंग्रजी, तेलुगू, हिंदी शिकतात. आजोबांच्या सहीखालचे चार शब्द वाचायला घरात कोणी नाही, म्हणून पेटी रद्दीत जाते. आम्ही रद्दीच्या दुकानातून मोडी बंद परत आणलेले आहेत.

तेव्हा यंदा उत्सवात पेटी उघडाच. पाठीमागची बाजूही पाहा, सरकारी शिक्का आणि नोंदीचा क्रमांक बहुधा तिथेच असतो. मोबाइलवर फोटो काढताना कागद दुमडलेल्या रेषेवर उलगडू नका, तिथेच तो तुटतो. अभिलेखागारात जाताना पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि गाव, हे तिन्ही उर्दूत लिहून न्या. आडनाव फारसे उपयोगी पडत नाही, कारण जुन्या नोंदींत ते क्वचितच येते. गाव न आठवल्यास नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडेल. आणि गौरी जेवायला आलेल्या मावश्या-आत्यांना त्यांच्या आज्यांची, पणज्यांची माहेरची नावे विचारून शजऱ्याच्या रिकाम्या समासात पेन्सिलने लिहून ठेवा.