तळटीप : ‘दप्तर दुसऱ्या सर्व्हरकडे वळविणे’

१. लेखकाने ‘वळविणे’ हे क्रियापद ज्या सहजतेने योजिले आहे, तीवरून हे काम एखादी कळ फिरविण्याइतके सुकर असावे असा वाचकाचा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुतः अ‍ॅक्सेससारखा मेजावरील संगणकात चालणारा प्रोग्राम जेव्हा माहिती स्वतःजवळ न बाळगता दूरच्या सर्व्हरवरील कोष्टकांशी जोडलेला असतो, तेव्हा त्या सर्व्हरची व डेटाबेसची नावे प्रत्येक जोडलेल्या कोष्टकागणिक स्वतंत्रपणे नोंदलेली असतात. सबब चाचणीच्या सर्व्हरवरून मुख्य सर्व्हरवर जावयाचे, तर या नोंदी एकूणएक बदलून कोष्टके पुन्हा जोडावी लागतात, आणि चाळीसांपैकी एक जरी नजरचुकीने राहिले, तरी पावत्या नव्या दप्तरात व ग्राहकांची नावे जुन्या दप्तरात असा विपरीत कारभार, पडद्यावर कसलीही तक्रार न उमटता, खुशाल सुरू होतो. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली प्रचारात आणलेल्या ओडीबीसी या व्यवस्थेत सर्व्हरचा ठावठिकाणा ‘डीएसएन’ नामक टोपणनावाखाली दाखल करून ठेवण्याची तजवीज आहे खरी. परंतु ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट आणि ६४-बिट प्रोग्रामांसाठी सिस्टिम डीएसएनच्या वह्या निरनिराळ्या असतात, आणि गंमत अशी, की ६४-बिट वही उघडणारे साधन ‘सिस्टिम३२’ या कप्प्यात, तर ३२-बिट वहीचे ‘सिसवॉव६४’ या कप्प्यात ठेवलेले आहे. लेखकाच्या कारकुनाने डीएसएनच्या नोंदीत केलेली ‘दुरुस्ती’ दोन दिवस निष्फळ का ठरली, याचा उलगडा आमच्या मते या उलट्या नामकरणातच आहे. — संपा.