गिल्बर्ट नेमके कुठे चुकले?

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट (१८४३–१९१८) या थोर अमेरिकन भूशास्त्रज्ञावर एक ठपका कायमचा बसला आहे. ॲरिझोनातील विवराभोवती लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले असूनही ते ज्वालामुखीजन्य वाफेच्या स्फोटाने झाले, असा निर्वाळा त्यांनी दिला. उल्केचा पक्ष घेणारे खाण-अभियंता बॅरिंजर मात्र खरे ठरले. हा झाला पूर्वपक्ष. निष्कर्ष चुकला, हे मान्यच. पण त्यावरून गिल्बर्ट यांच्या विचारपद्धतीलाच दोष देणे अन्यायाचे आहे.

१८९१ साली ते विवरावर गेले ते कसोट्या ठरवूनच. उल्का तळाशी गाडलेली असेल, तर काठावर उसळून पडलेली दगडमाती खड्ड्यात भरून वर उरली पाहिजे आणि होकायंत्राची सुई ढळली पाहिजे. त्यांनी मोजमाप केले. खड्डा आणि काठावरचा भराव, दोन्हींचे घनफळ सुमारे ८.२ कोटी घनयार्ड भरले. सुईही ढळली नाही. मग उल्केची कल्पना त्यांनी सोडली. पुराव्यापुढे मान तुकवणे याला हट्ट कसे म्हणावे?

खोट होती ती गृहीतकात. प्रचंड वेगाने आदळलेली उल्का स्वतःपेक्षा कितीतरी मोठा खड्डा पाडते आणि तिचा बराचसा भाग वितळून, वाफ होऊन उडून जातो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. बॅरिंजरनाही नव्हते. १९०३ पासून त्याच गाडलेल्या लोखंडाच्या आशेने त्यांनी भोके पाडली, पैसा ओतला. गोळा सापडलाच नाही. दोघांना ठेच लागली ती एकाच दगडाची. आघाताचा निर्णायक पुरावा, कोएसाइट हे खनिज, मिळाला १९६० साली.

गिल्बर्टना आघाताचे वावडे होते म्हणावे, तर १८९२ साली दुर्बिणीतून चंद्र न्याहाळून तिथली विवरे आघातानेच झाली, असे त्यांनीच मांडले होते.

आणि आपल्या बुलढाण्याचे लोणार? १८९६ च्या निबंधात गिल्बर्टनी ॲरिझोनाच्या विवराशी त्याचे साम्य दाखवले. दोन्हींचे मूळ त्यांनी ज्वालामुखीशी जोडले, ते चुकले. पण नाते अचूक ओळखले. लोणारही उल्काविवरच, हे १९७३ मध्ये तिथल्या आघातजन्य काचेने सिद्ध केले. नवे तथ्य समोर आले, तर कितीही सर्वमान्य निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो, हेही त्याच निबंधात त्यांनी बजावले आहे. स्वतःच्या निष्कर्षाच्या फेरतपासणीचा दरवाजा ज्याने स्वतःच उघडा ठेवला, त्याची पद्धत फसली असे मी म्हणणार नाही.