विजेत्यालाच न पटलेला पुरस्कार

१/ १४ जून १९४० रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. त्या वार्तेने व्यथित होऊन अमेरिकन गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ हे गीत लिहिले. त्यात रणांगण नाही. युद्धापूर्वीच्या पॅरिसची आठवण आहे.

२/ जेरोम कर्न यांनी त्याला चाल दिली. गीत कोणत्याही नाटकासाठी वा चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. रेडिओवर ते आधीच लोकप्रिय झाले आणि मग १९४१ च्या ‘लेडी बी गुड’ या चित्रपटात घेतले गेले.

३/ फेब्रुवारी १९४२ मध्ये अकादमी पुरस्कारांचा सोहळा झाला. तोवर पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली होती आणि पॅरिस जर्मनांच्याच ताब्यात होते. सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार या गीताला मिळाला.

४/ कर्न यांना मात्र तो अन्याय वाटला. त्यांच्या मते हा मान ‘ब्ल्यूज इन द नाइट’ या हॅरल्ड आर्लेन व जॉनी मर्सर यांच्या गीताचा होता, कारण ते चित्रपटासाठीच रचलेले होते. कर्न यांनी नियमबदलाचा आग्रह धरला आणि अकादमीने तो मान्य केला.

५/ चित्रपटासाठीच रचलेले गीत पात्र, हा नियम आजही कायम आहे. त्यानुसार पाहिले, तर कर्न यांचे गीत स्पर्धेत उतरूच शकले नसते.